रिकाम्या खोक्यासाठी मुंबईवारी

मुंबईला जायची पुणेकरांची कारणं ठरलेली असतात. व्हिसाचा इंटरव्ह्यू, क्लायंट मीटिंग, एअरपोर्ट, नाहीतर दादरच्या मावशीकडचं लग्न. 'चित्रं बघायला चाललेय' म्हणून बघा! समोरचा आधी तुमचा चेहरा न्याहाळतो, मग विचारतो, "कुणी ओळखीचं आहे का तिथे?"

माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी मास कॉम करत होते आणि मुंबईच्या 'एनजीएमए'मध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. नाव 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स'. रिकाम्या खोक्याच्या आत!

खरं सांगायचं तर आमच्या बॅचला बरवे कळले ते अमोल पालेकरांमुळे. ८ फेब्रुवारीला उद्‌घाटनाच्या भाषणात पालेकर स्थानिक चित्रकारांची सल्लागार समिती बंद झाल्याबद्दल बोलत होते. या भिंतींवर काय लागणार हे आता दिल्लीतून ठरणार का, असा त्यांचा मुद्दा. त्यांना मध्येच टोकलं गेलं. फक्त बरव्यांबद्दल बोला! तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला, चॅनेल्सवर खडाजंगी झाली. गंमत म्हणजे, ज्यांच्याबद्दल बोलायला सांगितलं जात होतं ते बरवे कोण, हे त्या गदारोळात कुणी विचारतच नव्हतं. म्हटलं, आपणच जाऊन बघू.

डेक्कन क्वीनमध्ये कटलेट खाल्लं (नियमच आहे तो), सीएसएमटीला उतरले आणि फोर्टातून चालत रीगल सिनेमाचा चौक गाठला. समोरच गॅलरी. १९११ साली बांधलेला हा सर कावसजी जहांगीर हॉल. पूर्वी इथे मैफली आणि सभा भरायच्या, १९९६ मध्ये त्याची गॅलरी झाली. आत एकावर एक अर्धगोल मजले, मधून जिना आणि सगळ्यात वर घुमट. चढता चढता चित्रकाराचं अख्खं आयुष्य बघून होतं.

बरवे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १९३६चा. 'जे. जे.'त शिकले, मग विणकर सेवा केंद्रात नोकरी. साठच्या दशकात पोस्टिंग मिळालं बनारसला आणि तिथून त्यांच्या चित्रांत तांत्रिक आकार आले. पुढे हे आकार कमी होत गेले आणि आली साधी माणसाच्या हाताखालची चीजवस्तू. घड्याळ, किल्ली, पान, ढग. एकमेकांशी काडीचाही संबंध नसल्यासारख्या त्या मोकळ्या जागेत तरंगत असतात.

आणि रंग कुठला, तर इनॅमल! दाराला आणि दुकानाच्या पाटीला लावतात तोच. पुस्तकातल्या फोटोत हे कळतच नाही. प्रत्यक्षात त्या गुळगुळीत पृष्ठभागावर गॅलरीतला दिवा चमकतो, तुम्ही जरा बाजूला सरकलात की चमकही सरकते. मी एका चित्रासमोर असं पाच-सहा वेळा डावी-उजवीकडे केलं. गार्ड बघत होता. बघू दे.

शोकेसमधल्या डायऱ्यांपाशी मात्र मी सगळ्यात जास्त रेंगाळले. हा माणूस चित्र काढण्याआधी आणि नंतर लिहून विचार करायचा. त्यातूनच १९९० मध्ये 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक आलं. मॉडर्न आर्टवर आणि चक्क मराठीत! 'आपल्याला त्यातलं काही कळत नाही बुवा' म्हणणाऱ्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

पुणेकरांसाठी एक एक्स्ट्रा. शिवाजीनगरच्या प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी घडवला, ते शिल्पकार वि. पां. करमरकर बरव्यांच्या नात्यातले. घ्या, कनेक्शन निघालंच!

बरवे गेले १९९५ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी. एवढं मोठं प्रदर्शन त्यांच्या स्वतःच्या मुंबईत लागलं ते तेवीस वर्षांनंतर. म्हणून पालेकरांचा मुद्दा मला उद्‌घाटनातला आगाऊपणा वाटला नाही. अलिबाग-गिरगावकडच्या चित्रकारासाठी सगळे मजले मोकळे करा, असं म्हणणारं कुणीतरी त्या समितीत बसलेलं असावं लागतं. 'फक्त बरव्यांबद्दल बोला' म्हणणाऱ्यांना हे बरव्यांबद्दलच आहे, हे कळलं नाही.

जायचं असेल तर डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते, परतीची संध्याकाळी पाचनंतर. वेळा एकदा चेक करा. सोमवारी गॅलरी बंद. पायात आरामाच्या चपला हव्यात, जिने खूप आहेत. जहांगीर आर्ट गॅलरी तिथून दोन मिनिटांवर, जेवणाला फोर्टातला एखादा इराणी. निघण्याआधी फोन करून सध्या काय लागलंय ते विचारा. इथल्या मातीतल्या कुणाचं नाव ऐकू आलं, तर त्याच शनिवारचं तिकीट काढा.