हवेवर चालणारा पंप : सायलेन्सरकडे लक्ष असू द्या

रंगाई-प्रोसेसचे कारखाने असोत की शाई, रंग व रसायनांचा धंदा, आपल्या अनेक बांधवांकडे हवेवर चालणारा डायफ्राम पंप दिसतो. त्याला मोटार नाही. तो कोरडा चालला तरी जळत नाही, पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तरी मुकाट्याने थांबतो. या गुणांमुळेच त्याची निगा राखली जात नाही, असे आम्हास वाटते.

या पंपात दोन पडदे एका दांड्याने जोडलेले असतात. कॉम्प्रेसरची हवा आळीपाळीने एकेका पडद्यामागे जाते. एक पडदा द्रव ढकलतो, त्याच वेळी दुसरा ओढतो. वापरलेली हवा सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि पंपाची तब्येत कळते ती याच जागी.

सायलेन्सरच्या तोंडाशी द्रवाचे थेंब दिसले की पडदा फाटला असे समजून पंप त्याच क्षणी बंद करावा. ‘शिफ्ट संपू द्या’ म्हटले की द्रव हवेच्या व्हॉल्व्हमध्ये शिरतो आणि पडद्याच्या खर्चावर व्हॉल्व्हचा खर्च चढतो. पंपात ॲसिड किंवा कॉस्टिक असेल तर तेच फवाऱ्यासारखे कामगाराच्या अंगावर येते. अशा कामात सायलेन्सरच्या जागी नळी जोडून तिचे तोंड माणसांपासून दूर न्यावे.

भर उन्हाळ्यात सायलेन्सरवर बर्फ पाहून नवा कारागीर चकित होतो. दाबाखालची हवा पसरताना थंड होते, तिच्यातला ओलावा गोठतो आणि पंप अडखळतो. दोष पंपाचा नसून ओल्या हवेचा आहे. कॉम्प्रेसरच्या टाकीतील पाणी रोज काढावे, पावसाळ्यात तर दोनदा. पंपाआधी फिल्टर-रेग्युलेटर असावाच. काम 50 पौंडांवर भागत असताना 100 पौंड (सुमारे 7 बार) देण्यात शहाणपणा नाही. पडदे लवकर थकतात.

वीज नाही म्हणजे ठिणगी नाही, हा समज मात्र घातक आहे. थिनरसारखा द्रव नळीतून वाहताना स्थिर वीज साठते. तेथे साधा प्लॅस्टिकचा पंप नको. धातूचा पंप व पिंप दोहोंना अर्थिंग द्यावे, नळीही वीजवाहक असावी.

पंप थांबलेला दिसला म्हणून लगेच पाना लावू नये. आत दाब असतो आणि पुढचा व्हॉल्व्ह उघडताच तो पुन्हा चालू लागतो. आधी हवा बंद करून हवेची नळी सोडवावी, मग पुढच्या नळीतला दाब उतरवावा, आतील द्रव काढून पंप धुवावा. चष्मा व हातमोजे हवेतच. जोडताना नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. नवा पडदा घेताना दुकानदारास द्रवाचे नाव सांगावे : नायट्राइल रबर तेलात टिकते, ॲसिटोनमध्ये फुगते, ईपीडीएमला तेल चालत नाही. टेफ्लॉन महाग, पण बहुतेक रसायनांना पुरून उरते.