नव्या-जुन्या बॅटऱ्यांची बिघडलेली जोडी
मेळघाट किंवा भामरागडच्या दुर्गम भागात वीज गेली की रात्रीची प्रसूती सोलरच्या दिव्याखाली होते. लसींच्या फ्रिजचा आधारही अनेकदा तोच. लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. छपरावरची पॅनेल सहसा दगा देत नाहीत. दगा देतात त्या खोलीच्या कोपऱ्यातल्या बॅटऱ्या.

गोष्ट नेहमी एकच असते. चोवीस व्होल्टच्या यंत्रणेत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. त्यातली एक बसते. दोन्ही बदलायला पैसे मंजूर होत नाहीत, म्हणून एकच नवी आणली जाते. पहिले काही आठवडे सगळे खूश. मग नवी बॅटरीही झोपते आणि दोष कंपनीला दिला जातो.

आत काय घडतं ते पाहू. दोन्हींवर १५० अँपिअर-तास असं छापलेलं आहे, पण समजा जुनीची खरी ताकद ९० उरली आहे. सिरीजमध्ये दोघींतून करंट सारखाच जातो. रात्री जुनी आधी रिकामी होते, तरी नवी तिला ओढत राहते. इन्व्हर्टर फक्त बेरीज बघतो. नवी १२.४ आणि जुनी ९.६, मिळून २२ व्होल्ट! त्याच्या लेखी सगळं ठीक. वॉर्डातल्या सगळ्या रुग्णांच्या तापाची सरासरी काढून राउंड संपवण्यासारखंच हे. सकाळी चार्जिंगला उलटा प्रकार. जुनी लवकर भरते आणि तिचं व्होल्टेज १५ च्या वर चढतं. ती तापते, पाणी उकळल्यासारखे बुडबुडे सोडते. चार्ज कंट्रोलरला एकूण २८.८ मिळाले की तो हात आखडता घेतो आणि नवी १३.६ वरच अर्धपोटी राहते. रोज अर्धपोटी राहिलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. नवी बॅटरी मरते ती अशी.

उत्तम उपाय म्हणजे संपूर्ण संच एकदम बदलणे: एकच प्रकार, एकच क्षमता, शक्यतो एकाच महिन्यात बनलेला. ते जमत नसेल तर निदान वर्गवारी करा. प्रत्येक बॅटरी सुटी करून पूर्ण चार्ज करा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ किंवा त्याहून जास्त दाखवणारी बरी. साडेदहाच्या आसपास अडकलेलीचा एक सेल गेलेला असतो, तिच्यावर खर्च नको. नुसत्या व्होल्टेजवर मात्र विसंबू नका. प्रत्येकीवर सारखाच बल्ब सारखेच तास जाळून पुन्हा मोजा. ताकद तिथेच कळते. जवळपास सारख्या निघतील त्यांचीच जोडी लावा. कमकुवत बॅटरी फ्रिजच्या संचातून बाहेर काढून वेगळ्या छोट्या पॅनेलवर व्हरांड्याच्या दिव्याला द्या. तिथे ती बापडी आणखी वर्षभरही चालेल. लिथियम आणि लेड-ॲसिड एकत्र जोडू नका. दोघींच्या चार्जिंगचं गणितच वेगळं आहे.

नवीन फ्रिजांत थेट पॅनेलवर चालणारे, बॅटरीशिवायचे प्रकार आहेत. ते दिवसा आत थंडावा साठवून ठेवतात. लसींपुरता मला तोच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

आता माझ्या खात्याचा विषय. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. खिडकी उघडी ठेवा आणि खंडेनवमीला बॅटरीपुढे उदबत्ती लावायची असेल तर खोलीबाहेर लावा. पाणी भरताना चष्मा घाला. ॲसिड डोळ्यात उडालं तर चोळू नका, लगेच स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि मग दवाखाना गाठा. बाद बॅटरी अंगणात फोडून शिसं वितळवणाऱ्यांना देऊ नका. ते शिसं मातीतून आणि हातांतून लहान मुलांच्या पोटात जातं आणि मेंदूचं जे नुकसान करतं ते भरून येत नाही. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडेच जमा करा आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या.