फिल्टरचा व्हॉल्व्ह अडला की जोर लावू नका

पूलचं पाणी गढूळ दिसू लागतं, बॅकवॉश करायला, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायला, ऑपरेटर पंप रूममध्ये उतरतो आणि फिल्टरवरचं हँडल जागचं हलत नाही. मग हँडलला लोखंडी पाइप अडकवला जातो, दोघं मिळून ओढतात, आणि हँडल तरी तुटतं किंवा आतली पिन तरी. ज्या व्हॉल्व्हला सफाई आणि एक रबरी रिंग पुरली असती, तो आता अख्खा बदलावा लागतो.

जोर लावला की सुटेल, हा या व्हॉल्व्हबद्दलचा सर्वांत महागडा गैरसमज. तो व्हॉल्व्ह आतून कसा असतो, हे सहसा कोणी पाहिलेलंच नसतं. सोसायट्या, हॉटेलं आणि फार्महाउसच्या पूलवर बहुतेक ठिकाणी वाळूचा फिल्टर असतो आणि त्यावर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. त्याच्या सहा जागा असतात: फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रीसर्क्युलेट आणि क्लोज्ड. झाकणाखाली एक फिरती चकती असते. तिच्याखाली बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखं रबरी गास्केट खाचांमध्ये बसवलेलं असतं. एक दणकट स्प्रिंग चकतीला गास्केटवर घट्ट दाबून धरते. हँडल खाली दाबलं की चकती गास्केटवरून उचलली जाते आणि तेवढ्या वेळापुरतीच ती मोकळी फिरू शकते. म्हणजे हा व्हॉल्व्ह नुसता पिळायचा नसतोच. आधी पूर्ण दाबायचं आणि दाबलेलं असतानाच फिरवायचं. अर्धवट दाबून पिळलं की गास्केट खाचेतून उखडतं, आणि उखडलेली पट्टी चकतीखाली अडकली की व्हॉल्व्ह खरोखरच जाम होतो.

‘पंप चालू असला तरी पटकन फिरवलं की चालतं’ अशीही समजूत आहे. चालत नाही. एका जागेवरून दुसरीकडे जाताना क्षणभर पाण्याच्या वाटा अर्धवट बंद होतात, दाब एकदम चढतो आणि वेगाचं पाणी गास्केटला ओढून काढतं. हा दाब किती, याचा साधा हिशेब करता येतो. 60 सेंटिमीटर व्यासाच्या टाकीचा आडवा छेद सुमारे 2,800 चौरस सेंटिमीटर भरतो. गेजवर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब असेल, तर आतलं पाणी वरच्या भागाला सुमारे 2,800 किलोच्या जोराने ढकलत असतं. क्लोज्ड जागेवर चुकून पंप सुरू झाला, तर पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्यात टाकीत हवा कोंडलेली असेल, तर झाकण किंवा व्हॉल्व्ह उडून माणूस गंभीर जखमी होऊ शकतो.

म्हणून अडलेल्या हँडलला हात लावण्याआधीची तयारी महत्त्वाची. पंप बंद करायचा आणि त्याचा एमसीबीही खाली पाडायचा, कारण टायमर लावलेला असेल तर पंप आपोआप सुरू होतो. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून गेजचा काटा शून्यावर येऊ द्यायचा. एवढ्यानेही काही वेळा हँडल सुटतं, कारण ते अडलेलं नसतं, दाबाखाली असतं.

तरीही हललं नाही, तर झाकण उघडावं लागतं. मुंबई-पुण्यातल्या अनेक संकुलांत पंप रूम पूलच्या पातळीखाली, तळघरात असते. तिथे स्किमर, मेन ड्रेन आणि रिटर्न या तिन्ही लाइनचे व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. नाहीतर पूलचं पाणी थेट पंप रूममध्ये उतरतं, आणि तिथेच विजेचे पॅनेल असतात. झाकण आणि बॉडी यांवर पेनने एकच रेघ ओढून ठेवली, तर परत बसवताना दिशा चुकत नाही. स्प्रिंग दाबलेली असते, त्यामुळे झाकण हाताने दाबून धरूनच शेवटचे बोल्ट काढायचे. परत बसवताना बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळायचे, नाहीतर झाकण एका बाजूने बसतं आणि गळतं.

तेलाबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. कधी व्हॅसलीन, कधी गाडीचं ग्रीस, कधी गंज सोडवणारा स्प्रे. दोन दिवस हँडल हलकं फिरतं आणि सगळे समाधानी होतात. पण व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या ओ-रिंग बऱ्याचदा ईपीडीएम रबराच्या असतात आणि पेट्रोलियमच्या तेलाने हे रबर फुगतं. फुगलेली रिंग दांड्याला पूर्वीपेक्षा घट्ट आवळते. इथे सिलिकॉन ग्रीसच लागतं, तेही ओ-रिंगवर पातळ हाताने.

बोअरवेलच्या जड पाण्यावर चालणाऱ्या पूलमध्ये क्षारांचा थर चढतो आणि मग कोणीतरी ॲसिडची बाटली आणतं. ॲसिडने कॅल्शियमचा थर विरघळतो, हे खरं. पण व्हॉल्व्हमध्ये थेट ॲसिड ओतलं तर ते स्प्रिंग आणि बोल्टही खातं. त्याहून भीती वेगळीच आहे. त्याच खोलीत लिक्विड क्लोरीनचे कॅन असतात, आणि हायपोक्लोराइट व ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. खिडकी नसलेल्या तळघरात हा वायू जीवघेणा ठरतो. त्या खोलीत उतरणारा माणूस बहुधा एकटाच असतो, त्याला ना मास्क दिलेला असतो, ना कोणी हे समजावून सांगितलेलं असतं. ही जबाबदारी सोसायटीच्या कमिटीची आहे. क्षार काढायचेच असतील, तर चकती बाहेर काढून, मोकळ्या हवेत, सौम्य द्रावणाने काढावेत. द्रावण करताना पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही.

व्हॉल्व्ह अडला म्हणजे तो खराब झाला, असं धरून चालणंही चूक. पुष्कळदा दोष असतो वाळूचा. फिल्टरची वाळू साधारण 0.45 ते 0.55 मिलिमीटरची असते. असे दाणे चकती आणि गास्केटच्या मध्ये किंवा दांड्याभोवती गेले की हँडल रुततं. दाणे धुऊन काढले की व्हॉल्व्ह सुटतो, पण ते वर आले कसे हे शोधलं नाही तर तो पुन्हा अडतो. टाकीत वाळू जास्त भरलेली असते, किंवा फिल्टरच्या मानाने पंप मोठा असल्यामुळे बॅकवॉशमध्ये वाळू उसळते. पूलमध्ये रिटर्नच्या तोंडाशीही वाळू साचत असेल, तर टाकीच्या तळातली लॅटरल, म्हणजे चिरा असलेली नळी, फुटलेली असण्याची शक्यता मोठी.

बॅकवॉश रोज केला की पाणी जास्त स्वच्छ राहतं आणि व्हॉल्व्हही मोकळा राहतो, या समजुतीतला पहिला भाग चुकीचा आहे. वाळूने थोडा गाळ धरला की ती अधिक बारीक कण अडवते. स्वच्छ फिल्टरच्या दाबापेक्षा गेज 8 ते 10 पीएसआयने चढलं की बॅकवॉशची वेळ झाली. ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्याकडच्या वाळूच्या फिल्टरवरही आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक पाहूनच बॅकवॉश होतो. व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने एकाच जागी राहून अडू नये यासाठी पंप बंद असताना हँडल एकदा सर्व जागांवरून फिरवून आणणं पुरतं, त्यासाठी पाणी वाया घालवावं लागत नाही.

हँडल हलकं फिरतंय म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पिन तुटली असेल तर हँडलचा बाण ‘फिल्टर’ दाखवतो आणि आतली चकती भलतीकडेच असते. गास्केट झिजलं असेल तर फिल्टर चालू असताना थोडं पाणी गुपचूप वेस्ट लाइनला जातं. पूलची पातळी उतरते, संशय टाइल्सवर जातो आणि फोडाफोडीचं कोटेशन येतं. त्याआधी फिल्टर चालू असताना वेस्ट पाइपच्या तोंडाखाली बादली ठेवून पाहावी. मिनिटाला एक लिटर गळत असेल तर दिवसभरात 1,440 लिटर जातात. 100 चौरस मीटरच्या पूलमध्ये ही जवळपास दीड सेंटिमीटरची घट झाली, आणि ती थांबवायला एक गास्केट पुरतं.