साखळी दुकानाचा चहा आणि आपल्या गटाचा हिशोब



भोसरी, निगडी, चाकण, कुठेही जा, एकाच नावाची, एकाच रंगाच्या पाटीची चहाची दुकानं दिसतात. वाकड-हिंजवडीकडे तशीच कॉफीची दुकानं. गटांच्या बैठकीत आता विचारणा होते, "ताई, आपणही असं एक दुकान घ्यायचं का?" प्रश्न गटाच्या बचतीचा आहे. म्हणून ही साखळी दुकानं चालतात कशी, ते आज समजून घेऊ.

कॉफीची साखळी दुकानं जगभर पसरली. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात १९७१ साली स्टारबक्सचं पहिलं दुकान निघालं. आपल्या देशात १९९६ साली बंगळुरूला कॅफे कॉफी डे सुरू झालं. स्टारबक्स २०१२ मध्ये टाटांच्या भागीदारीत मुंबईत आलं. तिथे लोक नुसत्या कॉफीचे पैसे देत नाहीत. निवांत बसायला जागा मिळते आणि कुठल्याही गावात तीच चव मिळते, त्याचेही पैसे देतात.

पुण्याने हेच चहाच्या बाबतीत केलं. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात अमृततुल्य चहाची दुकानं रुजवली. पुढे येवले यांच्यासारख्या नावांनी त्याच चहाची साखळी केली. आपल्या औद्योगिक पट्ट्यात ती चालली याला कारण आहे. शिफ्ट सुटल्यावर कामगाराला बसायला वेळ नसतो, उभ्या उभ्या पाच मिनिटांत चहा हवा असतो. मराठवाडा, विदर्भ, बिहारहून आलेल्या माणसाला नवख्या गावात ओळखीची पाटी दिसली की खात्री वाटते.

आता पैशाचं बघू. साखळीतली अनेक दुकानं कंपनी स्वतःच्या पैशाने काढत नाही. नाव वापरायला देते, त्याला फ्रँचायझी म्हणतात. नावाचे पैसे आपण आधी भरायचे. गाळा, डिपॉझिट, सजावट, भांडी आपली. चहा-मसाला बहुधा त्यांच्याकडूनच घ्यायचा. काही ठिकाणी दरमहा विक्रीतला वाटाही द्यावा लागतो.

समजा, दहा रुपयांचा एक कप. दूध, साखर, पावडर, मसाला धरून कपाला चार रुपये खर्च. म्हणजे कपामागे उरले सहा. रोजचं भाडं ६००, दोघींची मजुरी १,०००, गॅस-वीज वगैरे ३५०. झाले १,९५० रुपये. याचा अर्थ रोज ३२५ कप विकले, तेव्हा कुठे खर्च निघाला. ४०० कप गेले तर दिवसाला ४५० रुपये उरतील. महिन्याचे २६ दिवस धरले तर ११,७०० रुपये. सुरुवातीला तीन लाख घातले असतील तर ते फिटायलाच दोन वर्षांहून जास्त लागतील. कर्जाचं व्याज आणि कंपनीचा वाटा यात धरलेलाच नाही.

म्हणून सही करण्याआधी गटाने एवढं विचारावं: भरलेले पैसे परत मिळतात का? करार किती वर्षांचा? माल दुसरीकडून घेतला तर चालेल का? जवळच त्याच नावाचं दुसरं दुकान निघालं तर? करार मराठीत वाचून घ्यावा. मग ठरवलेल्या जागेसमोर आठवडाभर उभं राहून माणसं मोजावीत. आपल्या पट्ट्यात अनेक कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशीही मोजावीत.

नाव विकत घेणं हा एकच रस्ता नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. पीठ केंद्रावर एकाच मापाने मळायचं, पापड बहिणींनी घरी लाटायचे, म्हणून चव सगळीकडे सारखी राहिली. पद्धत साखळी दुकानाचीच, पण नाव आणि नफा काम करणाऱ्या बहिणींचा.

आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. कंपनीच्या गेटजवळ परवानगी घेऊन चहा-पोह्यांची छोटी गाडी लावता येते. अन्न परवान्याची नोंदणी मात्र आधी करायची. चहाचं माप कागदावर लिहून भिंतीला लावायचं, म्हणजे आज सुमन आणि उद्या शोभा उभी राहिली तरी चव बदलणार नाही. रोजचे कप वहीत मांडायचे. तीन महिने वही नीट चालली, की दुसरी गाडी लावायची की फ्रँचायझी घ्यायची, हे गटाला वहीतल्या आकड्यांवरून ठरवता येईल.

पुढच्या बैठकीत हा हिशोब आपल्या गावच्या भाड्याने आणि दुधाच्या भावाने मांडून बघा.