तबकडीवरील नांव

नांदेड व लातूर येथील अनेक घरांच्या कपाटांत चंदेरी तबकड्यांची एक चळत अजून आढळते. इसवी सन २००० नंतरच्या दहापंधरा वर्षांत लग्नमुंजींचीं चित्रणें आणि वडील मंडळींच्या आठवणी सीडी किंवा डीव्हीडी या तबकड्यांवर सांठविण्याची रीत होती. नव्या संगणकांत तबकडीचा खण आतां क्वचितच असतो. तरी जुन्या तबकड्या घरोघर आहेत आणि कोऱ्या तबकड्या विकतही मिळतात. अडचण इतकीच, कीं पुष्कळ तबकड्यांवर नांव नाहीं. हैदराबाद संस्थानांतील निजामी राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपली. ते दिवस पाहिलेलीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. अशा एखाद्या आजोबांचें कथन निनांवी तबकडीवर असेल, तर तें रद्दीबरोबर घराबाहेर जाण्यास वेळ लागत नाहीं.

नांवाचा हा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित झालें, तेव्हां तबकड्या तयार होत त्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें. तेथील कारागिरांना गाणारी कोण हें कळावें, म्हणून गायनाच्या शेवटीं त्या आपलें नांव इंग्रजींत उच्चारीत. पुढें लाखेच्या ध्वनिमुद्रिका घरोघर आल्या. त्यांवरील कागदी लेबल डिंकानें चिकटविलेलें नसे; तापलेल्या मिश्रणाबरोबरच तें दाबयंत्रांत घालीत आणि उष्णता व दाब यांनीं तें तबकडीशीं एकजीव होई. शिवाय ती तबकडी मिनिटाला अवघे ७८ फेरे घेई.

सीडीची गोष्ट निराळी. संगणकांत ती मिनिटाला कित्येक हजार फेरे घेते. चिकट कागदी लेबल किंचित् जरी एका बाजूस सरकलें, तरी तोल जाऊन तबकडी थरथरते आणि वाचन अडखळतें. लेबल ओढून काढावें, तर धोका अधिकच. सीडीची जाडी सुमारें १.२ मिलिमीटर असते. परंतु माहिती धरणारा थर व त्यावरील चकाकता थर हे दोन्ही लेबलाच्याच बाजूस, लाखेसारख्या एका पातळ लेपाखालीं असतात. कागदाबरोबर ते सोलून निघूं शकतात. टोंकदार लेखणीनें लिहिलें तरीही त्यांस इजा पोंचते. डीव्हीडींत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्यें सुरक्षित असतो. तोल बिघडण्याचें भय मात्र तिलाही आहेच.

यावरील सुटसुटीत उपाय म्हणजे तबकडीवरच छापणें. इंकजेट प्रिंटर अत्यंत सूक्ष्म छिद्रांतून शाईचे थेंब उडवितो. नेहमींच्या गुळगुळीत पृष्ठावर ते थेंब मुरत नाहींत, बोटाबरोबर पुसले जातात. म्हणून ज्यांच्या वरच्या बाजूस शाई शोषणारा पांढरा लेप दिलेला असतो, अशाच तबकड्या या कामासाठीं घ्याव्या लागतात. तबकडी कागदासारखी रुळाभोंवतीं वळत नाहीं; तिला सपाट तबकांत बसवून सरळ आंत नेणारी सोय प्रिंटरमध्यें असावी लागते. ती सर्व प्रिंटरांत नसते, याची चौकशी खरेदीपूर्वीं करावी. माहिती आधीं भरावी, ती नीट वाचली जाते हें पाहावें आणि मगच छापावें. म्हणजे बिघडलेल्या तबकडीवर शाई वायां जात नाहीं. पहिला नमुना साध्या कागदावर काढून, मधलें भोंक कोठें येतें तें तपासावें. छापलेली तबकडी एक दिवस सपाट ठेवून वाळवावी. पावसाळ्यांत अधिक सबुरी हवी. पाण्यांत विरघळणाऱ्या रंगाची शाई ओल्या बोटानें पसरते, उन्हानें फिकी पडते. सूक्ष्म रंगकणांची शाई त्या मानानें टिकाऊ असते.

देवनागरी अक्षरांची आणखी एक अडचण आहे. मजकूर वर्तुळाकार छापला, तर अक्षरें सुटीं वळतात आणि शिरोरेषा जागोजागीं तुटते. म्हणून भोंकाच्या वर व खालीं सरळ ओळीच घ्याव्यात. अक्षर फार लहान घेतल्यास शाई पसरून अनुस्वार आणि जोडाक्षरें बुजतात.

काय लिहावें, हेंही महत्त्वाचें आहे. बोलणाऱ्याचें नांव, गांव, तालुका, मुद्रणाची तारीख आणि अनुक्रमांक इतकें पुरे. केवळ जिल्हा लिहून भागत नाहीं. लातूर हा १९८२ सालीं उस्मानाबादपासून वेगळा झाला. त्या उस्मानाबादचें नांव आज धाराशिव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी व आसपासचीं कित्येक गांवें नव्या जागीं वसलीं. जुन्या गांवाचें चित्रण असेल, तर तें जुन्या जागेचें आहे हें स्पष्ट लिहिलें नाहीं, तर पुढच्या पिढीस तें कळण्याचा मार्ग नाहीं.

नांव छापल्यानें तबकडी अमर होत नाहीं. दीर्घ जतनासाठीं २० अंशांखालील थंड व कोरडी जागा तज्ज्ञ सुचवितात. लातूर-नांदेडचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हां तबकडी उभी, डबींत, अंधाऱ्या कपाटांत ठेवावी आणि तींतील माहितीची नक्कल वेळींच दुसऱ्या साधनावर करून घ्यावी. त्या नकलेसही तबकडीवरचेंच नांव आणि तोच अनुक्रमांक द्यावा. कोणती तबकडी आधीं वांचवावयाची, हें ठरवितांना त्या दोन ओळीच उपयोगीं पडतात.