परस लहान, खेळ पुरेसा

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची मार्गदर्शिका सांगते. परसात धावायला जागा नसते, ही पालकांची तक्रार खरीच. पण हाडे आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस हवा, असेही तीच मार्गदर्शिका म्हणते, आणि त्याला मैदान लागत नाही. लंगडीत साऱ्या अंगाचा भार एका पायावर पेलावा लागतो. ठिकरीच्या खेळात खडूने आखलेल्या घरांतून उड्या मारताना रेषेवर पाय पडू नये म्हणून तोल सावरावा लागतो. दोरीउड्यांना तर चटईएवढी जागा पुरते. सलग तासभर खेळण्याचीही अट नाही. सकाळची दहा, संध्याकाळची वीस अशी मिनिटे दिवसभरात साठत जातात. तेव्हा कुंड्या भिंतीकडे सरकवा आणि मुलांना रोज परसात उतरू द्या.