कुंडीलाही वाफसा लागतो



उसाच्या अंकात या खेपेस कुंडीचे काय काढले, असे आपणांस वाटेल. पण एप्रिल-मे महिन्यांत खोडव्याची पाहणी करीत गटागटांतून हिंडताना चहाच्या कपाबरोबर हा प्रश्न हटकून पुढे येतो, आणि तो घरातून येतो. “साहेब, आमच्या कुंडीतली झाडं काही जगत नाहीत. काय घालावं?” पूर्वी वस्तीवर न्हाणीच्या पाण्यावर कढीपत्ता, केळ, गवती चहा आपोआप पोसला जाई. आता गावात स्लॅबची घरे झाली, परस गेले, आणि हौसेने आणलेल्या कुंड्या गच्चीवर आल्या. पहिल्याच उन्हाळ्यात निम्म्या कुंड्या रिकाम्या होतात.

दोष उन्हाला दिला जातो. आमचा अनुभव निराळा आहे. आम्ही पाहिलेल्या मेलेल्या कुंड्यांपैकी बहुतेक पाण्याने मेलेल्या होत्या.

पूर्वेकडील एका गटातील सभासदाच्या मातोश्रींची गोष्ट सांगतो. नव्या घरात आल्यापासून त्यांची तुळस तीनदा जळाली. आजींनी ते मनाला लावून घेतले होते. “या घराला तुळस धरत न्हाई,” असे त्या चारचौघांत बोलत आणि सूनबाई खाली मान घालून ऐकत. आम्ही वृंदावन पाहिले. सिमेंटचे, बाहेरून छान ऑइलपेंट दिलेले, आत शेतातली निव्वळ काळी माती, आणि बुडाला भोकच नाही. घरात माणसे सहा. प्रत्येक जण अंघोळ झाली की श्रद्धेने तांब्याभर पाणी ओतणार. म्हणजे रोजचे सहा तांबे!

आम्ही म्हणालो, “आजी, तुळस पाण्यानं मेली.”

“पाण्यानं का कुठं तुळस मरती?”

“आजी, वाफसा नसताना रान सारखं भिजवलं तर पिकाचं काय होतं?”

आजी क्षणभर गप्प झाल्या. मग हसून म्हणाल्या, “पिवळं पडतंय. माझा ल्योक उसालाबी असंच पाजतोय, त्यालाबी सांगा.” सभासद महाशय तेवढ्यात बैलाला वैरण टाकायला निघून गेले.

हसण्याचा अधिकार मात्र आम्हाला नाही. आमच्या क्वार्टरसमोर गुलाबाच्या सहा कुंड्या होत्या. दुपारी जेवायला आलो की पाने मलूल दिसत. जीव राहत नसे, की लावला पाइप. मे संपेपर्यंत चार कुंड्या गेल्या. उपटून पाहिले तर मुळे तपकिरी, लिबलिबीत, आणि मातीला आंबूस वास. दिवसभर बांधावर उभे राहून वाफशाचे पाठ देणारे आम्हीच!

भर दुपारी पान मान टाकते ते नेहमीच तहानेने टाकत नाही. मुळे ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जाते, म्हणून ते लोंबते. ऊन उतरल्यावर पान पुन्हा उभे राहिले तर झाड ठीक आहे असे समजावे. सकाळीही मलूलच असेल तर मात्र बोट दोन पेरे मातीत खुपसावे. कोरडे लागले तर बुडाच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत द्यावे. ओल लागली तर तांब्या खाली ठेवावा; ओल असूनही पान उठत नसेल तर मुळांकडे पाहावे. पाण्याची वेळ सकाळची.

आपली काळी माती उसाला सोन्यासारखी, पण कुंडीत ती दगा देते. ओली असता पाणी धरून बसते. वाळली की आकसून कडेला फट पडते, मग वरचे पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि मुळे कोरडीच राहतात. दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत व एक घमेले जाड वाळू असे मिश्रण आम्ही भरतो. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. कारखान्याचा ताजा प्रेसमड कुणी घालू नये. तो कुजताना तापतो आणि मुळे भाजून निघतात.

कुंडी मातीची घ्यावी. तिच्या अंगातून पाणी पाझरून उडते, त्यामुळे मुळांना गारवा मिळतो. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात हात लावून पाहा, म्हणजे सांगावे लागणार नाही. गच्चीचा स्लॅब तर तव्यासारखा तापतो. कुंडी दोन विटांवर ठेवावी, पश्चिमेच्या उन्हाला आडोसा करावा, चार कुंड्या एकमेकींच्या सावलीत जवळजवळ मांडाव्यात. मातीवर दोन बोटे पाचट बारीक करून पसरावे. खोडव्यात पाचट आच्छादा म्हणून आम्ही घसा कोरडा करतो. कुंडीत पटले तर शेतातही पटेल, ही आमची लबाडी समजा.

विहीर-बोअरचे पाणी मचूळ असेल तर कुंडीच्या काठाला पांढरे क्षार फुटतात. ते खरवडून काढावेत, आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ द्यावेत.

नवशिक्याने गुलाबाच्या नादी लागू नये. सदाफुली, कोरफड, गवती चहा, मोगरा यांनी सुरुवात करावी. मोगऱ्याला तर ऊनच मानवते. कुंडी बदलण्याचे काम मे महिन्यात काढू नये, मृग बरसू द्यावा.

आजींच्या वृंदावनाला सूनबाईंनी भोक पाडून घेतले, माती बदलली. आता पाणी एकट्या सूनबाई घालतात, ओल पाहून; बाकीचे पाच जण पळीभर वाहून हात जोडतात. यंदा जूनमध्ये आम्ही गेलो तेव्हा तुळस कमरेइतकी झाली होती. आजींनी दुधाच्या पिशवीत एक रोप बांधून दिले आणि बजावले, “साहेब, पाणी बेतानं.”